जालियनवाला बागेत काय काय बदललंय ते कसं शोधायचं

अमृतसरला गेलं की सगळे दरबार साहिब (सुवर्ण मंदिर) करतात, मग चालत पाच-दहा मिनिटांवर बाग, तिथे दोन सेल्फी आणि लगेच कुलचा खायला पळापळ. तुम्ही बागेला दोन तास द्या. आणि घरून निघतानाच कुणाकडे तरी २०२० च्या, म्हणजे नूतनीकरणाच्या आधीचे बागेचे फोटो असतील तर मोबाईलमध्ये घेऊन ठेवा. माझ्याकडे आईच्या अल्बममधला एक होता, आत जायच्या अरुंद बोळात ती भिंतीला टेकून उभी आहे आणि मागे नुसत्या विटा.

पहिल्यांदा त्या बोळातच थांबा. १३ एप्रिल १९१९ ला डायरच्या दोन चिलखती गाड्या इथून आत जाईनात म्हणून बाहेरच राहिल्या, रायफलवाले शिपाई तेवढे आत गेले आणि १,६५० गोळ्या झाडल्या. बाहेर राहिलेल्या गाड्यांवर मशीनगन होत्या हो, म्हणजे बोळ अरुंद असणं हीच मोठी गोष्ट आहे. २८ ऑगस्ट २०२१ ला नूतनीकरण होऊन बाग उघडली तेव्हा याच भिंतींवर माणसांची शिल्पं आली, चेहरे हसरे, जत्रेला निघाल्यासारखे. त्या दिवशी आलेल्या लोकांची आठवण म्हणून असेल, हेतूबद्दल मी भांडत नाही, पण लोक तिथे पोझ देतात आणि पुढे जातात, छातीवर दडपण वगैरे काही येत नाही. जुना फोटो काढून त्याच जागी उभं राहून बघा, मग कळेल.

आत गोळ्यांच्या खुणा आणि शहीदी विहीर बघालच. फलक वाचताना एकच सवय लावा: आकडा दिसला की तो कुणाचा ते विचारायचं. मृत ३७९ हा हंटर कमिशनचा, म्हणजे ब्रिटिश सरकारनेच नेमलेल्या चौकशी समितीचा, आणि काँग्रेसच्या चौकशीत तो हजाराच्या घरात गेला. प्रत्येक फलकाचा सरळ समोरून फोटो घ्या, तिन्ही भाषा असतील तर तिन्हींचा, कारण मजकूर कधीही बदलू शकतो.

आता हे ठरवतं कोण? बाग एका ट्रस्टकडे आहे, १९५१ चा कायदा, अध्यक्ष पंतप्रधान. पूर्वी काँग्रेस अध्यक्ष आपोआप ट्रस्टी असायचे, २०१९ च्या दुरुस्तीने ते काढलं, आणि सरकारने नेमलेल्या ट्रस्टीला मुदतीआधी घालवायची सोय पण केली. एका पक्षाच्या अध्यक्षाला कायद्याने खुर्ची असणं मलाही विचित्रच वाटायचं, पण दुसरी सोय जास्त खटकते, मान हलवली नाही की घरी.

घरी आल्यावर आरटीआय, म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज टाका. ऑनलाईन होतो, फी १० रुपये, खातं सांस्कृतिक मंत्रालय. चुकीच्या ठिकाणी गेला तर पुढे पाठवायची जबाबदारी त्यांची. "शिल्पं का लावली" असं विचारू नका, "का"ला उत्तर मिळत नाही. कागद मागा: बोळातल्या शिल्पांना मंजुरी दिलेल्या बैठकीचं इतिवृत्त, फलकांचा मजकूर तपासणाऱ्या समितीतल्या सदस्यांची नावं, इतिहासकारांचे लेखी अभिप्राय. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला फी नाही. अर्ज करताना नोंदणी क्रमांकाचा स्क्रीनशॉट मात्र आठवणीने काढा, नंतर तोच शोधत बसावं लागतं.