आधी फांदी, मग वेडा राघू

लग्नांचे फोटो काढून पोट भरणाऱ्याला पक्ष्यांसाठी लाखाची लेन्स कुठून परवडणार? माझ्याकडे रोलच्या जमान्यातली निकॉर (निकॉनची लेन्स) ३०० एमएम, एफ ४.५ आहे; एफ नंबर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडतं ते, आकडा लहान तेवढं भोक मोठं. ऑटोफोकस नाही, फोकस रिंग हाताने फिरवायची. अडॅप्टर लावून ती सोनीच्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडीवर चढवतो. सेन्सर एपीएस-सी, म्हणजे रोलच्या फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे दृश्य ४५० एमएमसारखं दिसतं.

बॉडीला ही लेन्स कळतच नाही. मेन्यूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा, नाहीतर बटण दाबत बसाल. एफ नंबर लेन्सवरच्या दुसऱ्या रिंगनेच बदलतो. मी ५.६ वर ठेवतो, ४.५ वर बगळ्याच्या कडेला जांभळी झालर येते. शटर १/१००० सेकंद, त्याला पुरेल एवढा आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता). आपल्याकडे उजेडाला तोटा नाही.

आता खरी गोष्ट. सुरुवातीला मी तापीवरच्या हतनूर धरणाला चक्रवाक बदकांच्या मागे फोकसची रिंग फिरवत सुटायचो. ती फिरते अर्धा वेढा, तोवर थवा तापीपार. दोन हिवाळे असेच गेले. मग वेडा राघू भेटला. हा पक्षी तारेवरून किंवा बाभळीच्या वाळक्या काटकीवरून उडतो, हवेत माशी धरतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येऊन ती आपटतो. म्हणजे फोकस पक्ष्यावर करायचाच नाही, काटकीवर करायचा. तो उडाला की स्क्रीनवर काटकी मोठी करून पाहा, सालीच्या भेगा दिसेपर्यंत रिंग हलवा आणि हात काढून घ्या. पंधरा मीटरवर, ५.६ ला जेमतेम अर्धा मीटर खोली धारदार मिळते. तो काटकीवर बसला की त्यात मावतो.

फोकस पीकिंगचे, म्हणजे धारदार कडांवर स्क्रीनवर उमटणारे लाल ठिपके मदत करतात, पण गवतात फसवतात. समोरचं पातंही लाल, मागचंही लाल. पीकिंगची पातळी कमी ठेवा, शेवटचा निर्णय डोळ्यावर. राघूच्या डोळ्यातून काळी पट्टी जाते. त्या काळ्यात उजेडाचा पांढरा ठिपका दिसला की जमलं. तरीही चार-पाच फोटो सलग घ्या आणि घेताना शरीर किंचित पुढे-मागे झुकू द्या. एखादा नेमका लागतो.

एरवी लेन्सच्या कॉलरखाली (ट्रायपॉडला जोडायच्या कड्याखाली) ट्रायपॉड हवा. पण मी चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमाकडे जातो तेव्हा ज्वारीने भरलेली पिशवी स्कूटीच्या सीटवर टाकतो आणि तीवर लेन्स टेकवतो. ट्रायपॉडपेक्षा बरी, शिवाय शेतकरी हसून विचारतात, “भाऊ, दळणाला चालले का?” त्या गप्पांत एकाने खंड्याची रोजची फांदी दाखवून दिली.

नऊच्या आत काम आटपा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा लहरते, मग कुठलीच लेन्स धारदार दिसत नाही.

आणि मे महिन्यात लेन्स डिकीत विसरू नका. माझ्या दुसऱ्या जुन्या लेन्सचं ग्रीस तिथेच पातळ होऊन भोक लहान-मोठं करणाऱ्या पाकळ्यांवर उतरलं. त्या आता एफ ८ वर चिकटून बसल्या आहेत.