जुन्या सीएनसी लेथवर लिनक्ससीएनसी: ऑपरेटरच्या हाती देण्याआधीची तयारी

वाळूज, चिकलठाणा किंवा जालन्याच्या एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या शॉपमध्ये असा लेथ बऱ्याचदा दिसतो: बेड आणि बॉलस्क्रू ठणठणीत, पण कंट्रोलर बंद पडलेला आणि त्याचं कार्ड कुठे मिळत नाही. अशा मशीनसाठी लिनक्ससीएनसी, म्हणजे साध्या पीसीलाच सीएनसी कंट्रोलर बनवणारं लिनक्सवरचं सॉफ्टवेअर, हा पक्का पर्याय आहे. ‘लिनक्स कोणाला येतं?’ म्हणून लोक मागे हटतात. पण लिनक्सशी संबंध फक्त सेटिंग करणाऱ्याचा येतो, ऑपरेटरचा नाही. सेटिंग अर्धवट ठेवून मशीन चालवायला दिली की नाव मात्र सॉफ्टवेअरचं खराब होतं.

मोटरला स्टेप-डायरेक्शन (किती पावलं आणि कुठल्या दिशेने) सिग्नल घेणारे ड्राइव्ह बसवलेत, असं इथे धरलं आहे.

आधी पीसी तपासा. लिनक्ससीएनसीच्या आयएसओवरून सिस्टम टाका, बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग आणि वीजबचतीच्या सगळ्या सोयी बंद करा, मग लेटन्सी टेस्ट (पीसी ठरल्या वेळेला काम करतो का ते बघणारी चाचणी) किमान १५ मिनिटं चालवा. ती चालू असताना विंडो हलवा, मोठ्या फाइल कॉपी करा. पीसीला ताण दिला नाही तर आकडा खोटा येतो. कमाल जिटर (वेळ चुकण्याचं माप) २०,००० नॅनोसेकंदांच्या आत असेल तर पॅरलल पोर्टवर, म्हणजे जुन्या प्रिंटर पोर्टवर, काम होईल. १,००,००० च्या वर गेला तर तो पीसी पॅरलल पोर्टसाठी विसरा. यूएसबीचं पॅरलल कन्व्हर्टर अजिबात चालत नाही, त्यावर पैसे घालू नका.

लेथसाठी मेसाचं ७आय७६ई कार्ड घेतलेलं बरं. स्टेप पल्स कार्ड स्वतः काढतं, लिमिट स्विच २४ व्होल्टवर जोडता येतात, स्पिंडल एन्कोडरचीही (स्पिंडल किती फिरला ते कळवणारा सेन्सर) सोय आहे. इथरनेट केबल थेट पीसीत लावा, मध्ये राउटर नको. पॅरलल पोर्टसाठी स्टेपकॉन्फ आणि मेसासाठी पीएनसीकॉन्फ प्रश्न विचारत कॉन्फिगरेशन तयार करून देतात.

स्केल, म्हणजे एक मिमी सरकायला लागणाऱ्या स्टेप, हिशेबाने काढा. मोटर २०० स्टेपची, ड्राइव्हवर १० मायक्रोस्टेप, स्क्रूची पिच ५ मिमी: २०० × १० ÷ ५ = ४०० स्टेप प्रति मिमी. मग एकाच दिशेने येऊन ५० मिमी चालवा आणि मोजा. माप बरोबर निम्मं किंवा दुप्पट आलं तर ड्राइव्हचे डिप स्विच चुकलेत. दिशा बदलल्यावरच फरक पडत असेल तर तो बॅकलॅश (स्क्रूमधली ढिलाई), स्केलला हात लावू नका.

ई-स्टॉप (इमर्जन्सी बटण) सॉफ्टवेअरच्या भरवशावर ठेवू नका. बटणाने कॉन्टॅक्टर पडून ड्राइव्हची पॉवर तुटलीच पाहिजे, आणि त्याचा एक संपर्क कंट्रोलला कळवायला वापरा. स्पिंडल सुरू होताच लिमिट ट्रिप होत असेल तर बहुतेक व्हीएफडीचा (स्पिंडल मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) नॉइज आहे. सिग्नलची केबल शील्डेड घ्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ करा आणि मोटरच्या केबलपासून लांबून न्या. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून पॅनेलला फिल्टरसकट पंखा हवा. आणि पीसीला यूपीएस हवाच. वीज गेली की स्टेपर मशीनची पोझिशन जाते, तेव्हा वीज आल्यावर पुन्हा होमिंग (अक्षांचा शून्य शोधणं) केल्याशिवाय सायकल देऊ नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपला ऑपरेटर फॅनक कंपनीच्या कंट्रोलवर शिकलेला असतो आणि तिथला प्रोग्राम इथे जसाच्या तसा चालत नाही.

फॅनकप्रमाणे टी०१०१ (टूल १, ऑफसेट १) लिहिलं तर लिनक्ससीएनसी त्याला १०१ नंबरचा टूल समजतं आणि टूल टेबलमध्ये नाही म्हणून एरर देतं. इथे टी१ एम६ जी४३ असं लिहायचं. जी४३ राहिला तर टूल बदलतो पण ऑफसेट लागत नाही, आणि टूल जॉबमध्ये घुसू शकतो. दुसरं, सुरुवातीला एक्स त्रिज्येत असतो. एक्स२० म्हटलं की ४० मिमी व्यास निघतो. यासाठी आयएनआय फाइलमधल्या (मशीनची सेटिंग असलेली फाइल) स्टार्टअप कोडच्या ओळीत, जी७ म्हणजे व्यास धरून, जी७ जी१८ जी२१ जी९० जी६४ पी०.०१ हे एकदाच टाकून ठेवा. पी न देता नुसता जी६४ असेल तर वेग टिकवण्यासाठी कोपरे गोल होतात आणि मशीन ढिली आहे असा गैरसमज होतो.

थ्रेडिंगचा जी७६ इथे एकाच ओळीचा आहे: पीमध्ये पिच, केमध्ये आट्याची पूर्ण खोली. जी७६ ला येऊन मशीन नुसतीच थांबून राहिली तर बहुतेक एन्कोडरचा इंडेक्स पल्स (दर फेऱ्याला एकदा येणारा सिग्नल) येत नाही. हे हॅलशोमध्ये (सिग्नल दाखवणारी लिनक्ससीएनसीची विंडो) लगेच दिसतं.

अ‍ॅक्सिस स्क्रीनच्या (लिनक्ससीएनसीची ऑपरेटरसमोरची स्क्रीन) कळा मराठीत लिहून मशीनवर चिकटवा: एफ१ ई-स्टॉप, एफ२ मशीन ऑन, कंट्रोल-होम सगळे अक्ष होम, एंड टच ऑफ (जॉबचा शून्य), कंट्रोल-एंड टूल टच, आर प्रोग्राम सुरू, एस्केप बंद. पहिले काही जॉब चकमध्ये काही न लावता हवेतच चालवून बघू द्या. सगळं जमलं की आयएनआय, हॅल (कुठला सिग्नल कुठे जोडलाय ते लिहिलेली) आणि टूल टेबल या फाइल तारीख घालून पेनड्राइव्हवर घ्या, आणि त्या पीसीचं इंटरनेट काढून टाका. चालू कामात आपोआप अपडेट झालेला कर्नल (लिनक्सचा गाभा) बसलेली घडी मोडतो.