घरातली मंडळी: प्रेषितांच्या कृत्यांवरून गट कसा उभा करावा

प्रेषितांची कृत्ये हे नव्या करारातले लूकाचे पुस्तक पहिल्या ख्रिस्ती लोकांची हकीकत सांगते. ते वाचताना नजर आधी आकड्यांवर जाते. माडीवरच्या खोलीत सुमारे १२० जण, पन्नासाव्या दिवशी (पेंटेकॉस्टच्या सणाला) त्यांत सुमारे ३००० ची भर, आणि चौथ्या अध्यायात नुसत्या पुरुषांचीच संख्या ५००० च्या घरात. हे वाचून पुष्कळ गट मोठ्या सभेच्या तयारीला लागतात. पण त्या ३००० जणांचे दुसऱ्या दिवसापासून काय झाले, ते लूक लगेच पुढच्या वचनात सांगतो (२:४२). प्रेषितांचे शिक्षण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना यांत ते चिकाटीने राहिले. गट उभा करायचा असेल तर ४१ व्या वचनाची वाट बघत बसू नका, ४२ व्या वचनापासून कामाला लागा.

त्याआधी एक हिशेब मनात पक्का करा. इ. स. ४० च्या सुमारास हजारभर ख्रिस्ती होते असे धरले आणि इ. स. ३०० पर्यंत ते साठ लाखांच्या आसपास गेले असे मानले, तर दर दहा वर्षांनी ४० टक्के वाढ पुरते. अभ्यासकांचा हा अंदाज आहे. शिरगणती त्या काळी कोणी केली नव्हती. तरी त्याचा अर्थ लक्षात घ्या: दहा जणांच्या घरात दहा वर्षांत चार माणसे वाढली आणि टिकली. साम्राज्य हलवणारी वाढ एकेका घरात इतकी सावकाश दिसते. त्यामुळे पहिल्या वर्षात एकच नवा माणूस आला, तर काम फसले असे समजू नका.

किती जण, कुठे

यरुशलेमेत योहान मार्काच्या आईचे घर, फिलिप्पैत लुदियेचे, रोममध्ये प्रिस्किल्ला आणि अक्विला यांचे. मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती समूह, घरांतच जमत. सुखवस्तू रोमी घरात जेवणाच्या दालनात तीन बाजूंना आसने असत आणि त्यांवर रीतीप्रमाणे नऊ जण टेकून बसत. अंगण धरले तर तीस-चाळीस माणसे मावत. आठ ते बारा जणांनी सुरुवात करा. नियमित येणारे पंधरा झाले की दुसऱ्या घराची तयारी सुरू करा. त्याहून मोठ्या गटात तीन-चार जणच बोलतात, बाकीचे ऐकून घरी जातात आणि काही महिन्यांनी यायचे थांबतात. त्यांनी येणे का सोडले, हेही कुणाच्या ध्यानात येत नाही.

गट चालवायला दोघे असावेत, आणि ज्याचे घर आहे त्याच्यावरच शिकवण्याचा भार टाकू नये. पेत्र आणि योहान, बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल), पौल आणि सीला, अशा जोड्या या पुस्तकात पानोपानी भेटतात. एक आजारी पडला, थकला किंवा चुकला तर दुसरा असतो.

एका संध्याकाळचे वेळापत्रक

दोन तास ठेवा. पहिली ४० मिनिटे जेवण, मग ४५ मिनिटे वाचन आणि चर्चा, अर्धा तास प्रार्थना, आणि उरलेली पाच मिनिटे कुणाला कशाची गरज आहे हे लिहून घेण्यासाठी. वेळ कमी पडला की आधी जेवण गाळायची इच्छा होते. ते गाळू नका. बिथुनियाचा राज्यपाल प्लिनी याने इ. स. ११२ च्या सुमारास सम्राट त्राजानला लिहिलेल्या पत्रातही ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताचे स्तोत्र म्हणतात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन साधे अन्न खातात, अशी नोंद आहे. शेजारी बसून जेवलेला माणूस प्रार्थनेत आपले खरे दुखणे सांगतो.

जेवणातही बिघाड होतो. करिंथच्या मंडळीत पुढे आलेले खाऊन घेत, मागून येणारे उपाशी राहत, आणि काही जण तर प्यायलेले असत. पौलाने त्यांना स्पष्ट सांगितले: एकमेकांसाठी थांबा. म्हणून सगळे आल्याशिवाय ताट वाढू नये, आणि पदार्थ इतका साधा असावा की सर्वांत गरीब घरालाही आपली पाळी आली की ओझे वाटणार नाही. एका घराने थाटमाट केला की पुढचे घर नकार देते. मग गट दोन-तीन सधन घरांतच फिरत राहतो.

बारा आठवड्यांचे वाचन

पुस्तकाचे २८ अध्याय आहेत. ते असे वाटून घ्या: १-२, ३-५, ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९, २०-२३, २४-२६ आणि शेवटी २७-२८. अध्याय घरी वाचून यायचे, बैठकीत त्यातला एकच प्रसंग मोठ्याने वाचायचा. दरवेळी तीनच प्रश्न पुरतात: इथे देवाने काय केले? माणसांनी काय केले आणि त्याची किंमत काय मोजली? पुढच्या बैठकीपर्यंत मी कोणती एक गोष्ट करणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहा आणि पुढच्या वेळी सुरुवात त्यानेच करा. हे टाळले की चर्चा रंगते, पण जगण्यात काहीच उतरत नाही.

लूकाने वाढीच्या नोंदी मध्ये मध्ये पेरल्या आहेत: ६:७, ९:३१, १२:२४, १६:५, १९:२०. त्यांवर खुणा करा आणि प्रत्येकीच्या आधी काय घडले ते शोधा. गटाला सर्वांत जास्त देणारा अभ्यास हाच आहे. ६:७ च्या आधी भांडण आहे. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात होते. प्रेषितांनी तक्रार दडपली नाही, सात माणसे निवडायला लावली. त्या सातांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्यातलीच माणसे जबाबदार झाली. १२:२४ च्या आधी प्रेषित याकोबाचा वध आणि पेत्राची कैद आहे. १६:५ च्या आधी यरुशलेमेची बैठक आहे. परराष्ट्रीयांनी (यहूदी नसलेल्यांनी) सुंता करून घेण्याची गरज नाही, हा निर्णय पौल गावोगाव पोहोचवत होता. १९:२० च्या आधी इफिसकरांनी ५०,००० रुप्याच्या नाण्यांच्या किमतीची जादूटोण्याची पुस्तके जाळली. पाचांपैकी एकाही ठिकाणी वाढीसाठी मोहीम आखलेली नाही. कुठे अन्याय दूर झाला, कुठे छळातही लोक पांगले नाहीत, कुठे दारातला अडथळा काढला, कुठे जुन्या पापाशी खरोखर नाते तोडले. तुमच्या गटात यांपैकी कोणते काम बाकी आहे, हे विचारायला धीर लागतो, पण विचाराच.

नवा माणूस आल्यावर

कूशी षंढाचा (कूश देशाच्या राणीच्या अधिकाऱ्याचा) बाप्तिस्मा वाटेतच झाला, फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा त्याच रात्री. तिसऱ्या शतकापर्यंत मात्र काही मंडळ्यांत बाप्तिस्म्याआधी तीन वर्षांच्या शिक्षणाची रीत आली होती. तुम्ही आपल्या मंडळीची रीत पाळा. कोणतीही रीत असली तरी, नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक सोबती ठरवून द्या. दर आठवड्याला एक तास, निदान वर्षभर. अंत्युखियात बर्णबाने हेच केले: तार्सास जाऊन शौलाला शोधून आणले आणि दोघांनी पूर्ण एक वर्ष लोकांना शिकवले. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा तिथेच मिळाले. सोबत्याने नुसती माहिती देऊ नये, एकत्र प्रार्थना करावी आणि आजाऱ्याला भेटायला जाताना त्याला बरोबर न्यावे. नव्या माणसाला लगेच व्यासपीठावर उभे करू नका. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा असे सांगितले आहे, आणि कारणही दिले आहे: तो गर्वाने फुगेल.

पैसा

मदतनिधी पहिल्या महिन्यातच सुरू करा, रक्कम कितीही लहान असो. दोघांनी मिळून मोजावे, वहीत लिहावे, महिन्याला एकदा जमा-खर्च सर्वांना सांगावा. मदत घेणाऱ्याचे नाव मात्र गुप्त ठेवावे. यरुशलेमेसाठी दान नेताना पौलानेही मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला होता, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. कुणावर सक्ती नको. जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग लपवून ठेवणाऱ्या हनन्याला पेत्र म्हणतो की जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता. पाप झाले ते खोटे बोलण्यात. असा लहान निधी शिस्तीने चालवला तर कुठवर जातो ते रोममध्ये दिसते. इ. स. २५१ च्या सुमारास तिथली मंडळी १५०० हून अधिक विधवा आणि गरजूंना पोसत होती.

पाठवणे

अंत्युखियाच्या मंडळीत पाच संदेष्टे व शिक्षक होते. उपवास आणि प्रार्थना चालू असताना पवित्र आत्म्याने दोघांना मागून घेतले, आणि तेही बर्णबा व शौल यांना. दुसऱ्या घराची सुरुवात करताना म्हणूनच ज्यांच्याशिवाय आपले चालणार नाही असे वाटते, त्यांचीच नावे आधी प्रार्थनेत ठेवा. एक दिवस उपवास करा, जाणाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करा, आणि जाणाऱ्यांना जुन्या गटाच्या जबाबदारीतून मोकळे करा. दोन्हीकडे ओढाताण झाली की दोन्ही घरे खंगतात.

जिथे लोक आधीच जमतात तिथून बोलणे सुरू करा. पौल यहूद्यांच्या सभास्थानात जाई. फिलिप्पैत तो नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायकांकडे गेला आणि तिथे लुदिया भेटली. मुक्कामाचा अंदाजही त्याच्याकडूनच घ्या. करिंथला दीड वर्ष, इफिसला तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे रोज चर्चा. थेस्सलनीका लवकर सोडावी लागली, तर त्याने मागाहून तीमथ्याला पाठवले आणि पत्रे लिहिली. नव्या घराला एक महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी भेट द्यायची तारीख निघतानाच ठरवा.

वडील, म्हणजे मंडळी सांभाळणारे पुढारी, नेमण्याची घाई करू नका. लुस्त्रात पौलाला दगडमार झाली होती, तरी तो आणि बर्णबा त्याच वाटेने परत गेले, शिष्यांचा धीर वाढवला आणि त्या परतीच्या फेरीत प्रत्येक मंडळीत वडील नेमले. पहिल्या फेरीत नाही. मधल्या काळात कोण टिकले, कोण लोकांची विचारपूस करते, संकटात कोण पळाले नाही, हे तोवर उघड झालेले असते. परत गेल्यावर त्या बैठकीत तुम्ही बोलू नका, मागे बसा. वाचन कोण करते, भाकर कोण मोडते आणि न आलेल्या माणसाची आठवण कोण काढते, ते पाहा.