असणारी कोण? द्राक्षं की प्रत?

केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीच्या सीजीएल परीक्षेत सहा गुणांनी कटऑफ हुकला तेव्हा मी सगळा राग गणितावर काढला. मग उत्तरतालिका आली, माझं उत्तर आणि बरोबर उत्तर शेजारी शेजारी ठेवून बसलो आणि चोर दुसऱ्याच घरात सापडला. इंग्रजीच्या २५ प्रश्नांत चार ठिकाणी क्रियापदाचं रूप चुकलेलं आणि चारही ठिकाणी चूक तीच : कर्ता ओळखण्यात. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात बरोबरला दोन गुण, चुकीला अर्धा वजा. म्हणजे एका चुकीत अडीच गेले, चारांत दहा. मी पिंपळगाव बसवंतचा. बाजार समितीत वजनात कुणी एवढी घट दाखवली असती तर वडिलांनी ट्रॅक्टर तिथूनच परत फिरवला असता.

एकवचनी कर्ता असला की क्रियापदाला एस लागतो, डिडनंतर मूळ रूप येतं, हे तुम्हाला येतंच. मलाही येत होतं. तरी आपटलो, आणि कुठे आपटलो ते जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे पाटी लावलेली नसते.

वाक्य साधारण असं घ्या : 'द क्वालिटी ऑफ दीज ग्रेप्स' आणि पुढे रिकामी जागा. इज की आर? मी आर ठोकलं. ग्रेप्स समोरच बसलेत ना! आता हेच मराठीत म्हणा. 'या द्राक्षांची प्रत चांगली आहे.' इथे 'आहेत' कुणी म्हणेल? चौथीतलं पोरही म्हणणार नाही. कारण आपल्याकडे 'द्राक्षांची' आधी येऊन जातं आणि खरा कर्ता, म्हणजे 'प्रत', नंतर येतो, क्रियापदाच्या बाजूला. इंग्रजीत ऑफ आला की रांग उलटी होते. प्रत पुढे निघून जाते आणि द्राक्षं क्रियापदाला खेटून बसतात. जन्मभर जवळच्या नामाशी जुळवायची सवय झालेला कान तिथे हमखास फसतो. त्यात आपला कर्मणी प्रयोग. 'रामाने आंबा खाल्ला, रामाने पोळी खाल्ली' : राम तोच, क्रियापद मात्र कर्माच्या मागे. कर्त्याला सोडून चालायची मुभा आपल्या भाषेने दिलेली आहे. इंग्रजी ती देत नाही.

उपाय शाळेतलाच निघाला. धातूला 'णारा' लावून कोण विचारायचं. असणारी कोण? प्रत. मग इज. विचारण्याआधी ऑफपासून क्रियापदापर्यंतचा तुकडा बोटाने झाका. 'अलाँग विथ', 'अ‍ॅज वेल अ‍ॅज' ही शेपटंही झाका. 'द फार्मर, अलाँग विथ हिज सन्स, इज वेटिंग' : पोरं कितीही असोत, इंग्रजीच्या लेखी वाट बघणारा बाप एकटाच. 'ईच ऑफ द बॉइज'मध्येही बोट ठेवलं की ईच उरतो, एकवचनी.

पण सम, ऑल, मोस्ट यांच्यापुढचा ऑफ झाकू नका. पुन्हा सांगतो, झाकू नका. तिथे उलट ऑफच्या पुढेच बघायचं : 'सम ऑफ द वॉटर इज', 'सम ऑफ द ग्रेप्स आर'. आणि 'द नंबर ऑफ'ला एकवचन, 'अ नंबर ऑफ'ला अनेकवचन, हे सरळ पाठ करा. पाठांतराला नावं ठेवणारे लोक परीक्षेला बसत नाहीत.

मी ज्या क्लासला जायचो तिथल्या सरांचं एकच पालुपद : मराठीत विचार करू नका. फी भरलेली, म्हणून मान डोलावली. आज म्हणेन, अर्धं चूक. 'शी इज वन ऑफ द गर्ल्स हू...' यापुढे कम की कम्स? मी दोन तास नियम शोधत होतो. मराठीत टाकलं आणि संपलं : 'सिन्नरहून येणाऱ्या मुलींपैकी ती एक.' येणाऱ्या, अनेकवचन, म्हणून कम. मराठीने हातात उत्तर दिलं.

दगा ती दुसरीकडे देते. 'सर आलेत' या मानाच्या अनेकवचनाने मी किती वेळा 'सर हॅव कम' लिहिलंय ते विचारू नका. इंग्रजीत सरांना कितीही मान द्या, हॅजच. आपले केस काळे 'असतात', हेअर मात्र इज. आपला पोलीस एकटा येतो, इंग्रजीतला पोलीस नेहमी आर. अशा उलट्या शब्दांसाठी वहीचं एक पान ठेवा. माझं पान अजून भरलेलं नाही, म्हणजे यादी फार लांब नाही, घाबरू नका.

टेलिग्रामवरून उतरवलेल्या पाचशे नियमांच्या पीडीएफने काही होत नाही, मोबाइल तेवढा भरतो. माझं झालं ते सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात. १८४० सालचं आहे ते. सकाळच्या एसटीने सीबीएस बसस्थानकाला उतरायचं, सावानात जाऊन इंग्रजी पेपरातल्या शेतीच्या बातम्यांमधली पाच लांब वाक्यं वहीत उतरवायची आणि प्रत्येकात कर्त्याखाली रेघ मारायची. मथळे घेऊ नका, तिथे क्रियापदं निम्मी गाळलेली असतात. लासलगावच्या कांद्याची बातमी उत्तम, कारण 'द प्राइस ऑफ अनियन्स' आठवड्यातून दोनदा तरी भेटतेच. पहिले तीन आठवडे काही फरक दिसला नाही, वही फेकावीशी वाटली. चौथ्यात बोट ठेवायचं विसरलो आणि तरी इज बरोबर आलं.

पुढच्या खेपेला इंग्रजीत ५० पैकी ४३ पडले. बावीस बरोबर, एक सोडलेला, दोन चुकलेले. चुकलेल्यांतला एक 'नन ऑफ'चा होता, तो सोडून देतो, त्यावर जाणकारही भांडतात. दुसऱ्यात मात्र कर्ता होता 'द लिस्ट ऑफ कँडिडेट्स', वेळ उरली होती चार मिनिटं, आणि मी आर टिचकावून पुढे गेलो होतो.