ट्रॅप बीट करायची असेल तर आधी ८०८ चा बेस सुरात लावा

अहिराणीत रॅप करणारी पोरं आता भुसावळपासून शिरपूरपर्यंत सापडतात. माझ्याकडे येताना बरेच जण स्वतः केलेली बीट मोबाईलवर घेऊन येतात, आणि तिच्यात हमखास लग्नाच्या डीजेसारखी दर ठोक्याला किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ‘धम्’, असते. भो, ती वरातीला ठीक आहे. अमेरिकेत अटलांटाकडे वाढलेला ट्रॅप हा रॅपचा प्रकार ठोक्यांमधल्या मोकळ्या जागेवर चालतो.

टेम्पो मिनिटाला १४० ठोके ठेवा. १३० ते १५० मध्ये कुठेही चालेल. क्लॅप, म्हणजे टाळीचा आवाज, प्रत्येक बारमध्ये (चार ठोक्यांच्या आवर्तनात) एकदाच, तिसऱ्या ठोक्यावर. एफएल स्टुडिओ या बीट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका बारच्या सोळा चौकटी असतात, त्यांत ती नववी. एवढ्यानेच १४० ची बीट ७० च्या संथ चालीने डुलायला लागते. हाय-हॅट (झांजेचा बारीक ‘टिक’) एकाआड एक चौकटीत भरा, मग कुठेतरी, शक्यतो बार संपताना, बारच्या बत्तिसाव्या भागाचा किंवा ट्रिपलेटचा (दोनच्या जागी तीन ठोके) भरभर रोल टाका. रोल मोजकेच. आणि प्रत्येक हॅटचा जोर कमी-जास्त करा, नाहीतर शेजारी शिलाई मशीन चालू असल्यासारखं वाटतं.

आता ८०८. रोलंड कंपनीने टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० ते १९८३ एवढीच वर्षं बनवलं, पण त्याची लांब घुमणारी किक आज बेस म्हणून वाजते. बेस म्हटला की त्याला सूर आला, आणि नवशिके नेमके तिथेच अडकतात. सॅम्पलचा मूळ सूर कोणता ते ट्यूनरवर बघा. कळत नसेल तर सॅम्पल एक-दोन सप्तकं वर चढवून ऐका, कानाला लगेच सापडतो. तुमची धून एफ मायनरमध्ये असेल तर ८०८ च्या नोट्सही त्याच स्केलमधल्या हव्यात. खालचा एफ साधारण ४४ हर्ट्झवर येतो, जी ४९ वर. त्याच्याही खाली गेलात तर बऱ्याच स्पीकरवर काहीच उरत नाही. एक नोट दुसरीवर चढू नये म्हणून सॅम्पलला एफएलमधला ‘कट इटसेल्फ’ पर्याय लावा, म्हणजे नवी नोट आली की जुनी थांबते. किक वेगळी घेतली असेल तर ती तोकडी ठेवा, फक्त ठोसा देण्यापुरती. एका नोटवरून दुसरीवर घसरत जाणारी स्लाइड चार बारमध्ये एखादीच बरी.

धून तीन-चार सुरांची पुरे. तिचा १५० हर्ट्झखालचा भाग ईक्यूने (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) कापा, तिथे ८०८ ला राहू द्या. आपल्याकडचा रंग हवा तर कानबाईच्या मिरवणुकीत वाजणारा संबळ, वाजवणाऱ्याला विचारून, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि त्याचा एकच ठोका कापून क्लॅपच्या आधी टाका. अख्खा ठेका घातलात तर पुन्हा वरात निघेल.

बीट झाली की आधी साध्या मोबाईलवर ऐका, कारण ऐकणारे तिथेच ऐकणार. तिथे ‘बेस कोठे शे?’ असं कुणी विचारलं तर आवाज वाढवू नका. मोबाईलचा स्पीकर ४४ हर्ट्झ वाजवतच नाही. ८०८ ला थोडं सॅच्युरेशन, म्हणजे आवाज हलकासा फाडणारा इफेक्ट, द्या, वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) तयार होतात आणि बेस जाणवतो. मग ओळखीच्या डीजेवाल्याच्या बॉक्सवर लावून बघा. तिथे घरघर आली तर सॅच्युरेशन जास्त झालंय.

कॉम्प्युटर नसेल तर मोबाईलवर बॅंडलॅब हे गाणी बनवायचं ॲप फुकट मिळतं. एफएलच्या ट्रायलमध्ये सगळं करता येतं, पण सेव्ह केलेला प्रोजेक्ट परत उघडत नाही. म्हणून उठण्याआधी ८०८, ड्रम आणि धून यांच्या वेगवेगळ्या वेव्ह फायली काढून ठेवा.