सीबी-१ आणि कायनेज: सिग्नल दिसत नसेल तर या चुका टाळा

चेतापेशींना कॅनाबिनॉइड (गांजातल्या टीएचसीसारखं रसायन) दिलं, ब्लॉट (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) केला आणि फॉस्फो-ईआरकेचा, म्हणजे फॉस्फेट लागून चालू झालेल्या ईआरके या कायनेजचा (इतर प्रथिनांना फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमचा), पट्टा कंट्रोलइतकाच आला, की पहिला संशय सीबी-१ या कॅनाबिनॉइड पकडणाऱ्या रिसेप्टरवर जातो. माझ्या मते आधी घड्याळ आणि बेसलाइन तपासावी.

ईआरकेला फॉस्फेट लागण्याचा कळस साधारण ५ ते १० मिनिटांत येतो आणि मग तो उतरतो. पहिला नमुना ३० मिनिटांनी घेतलात तर हाती काय लागणार? ०, २, ५, १०, २० मिनिटांचे नमुने घ्या. पेशी बर्फावर फोडा आणि बफरमध्ये व्हॅनाडेट व फ्लोराइड घाला, नाहीतर फॉस्फेट काढणारे फॉस्फेटेज सगळं पुसून टाकतात.

बेसलाइनच वर असेल तर वाढ दिसत नाही. सीरममधले ग्रोथ फॅक्टर ईआरके चालू ठेवतात, आणि नुसतं मिडियम बदलल्यानेही तो उसळू शकतो. म्हणून मिडियम न बदलता औषध थोड्या आकारमानात सोडा. वाहक द्रावणाचा (ज्यात औषध विरघळवलं, त्याचा) कंट्रोलही त्याच वेळेला हवा, नुसती न छेडलेली प्लेट पुरत नाही.

कॅनाबिनॉइड तेलकट असतात, प्लास्टिकला चिकटतात. त्यांना द्रावणात धरून ठेवायला फॅटी ॲसिड नसलेलं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) वापरा. टीएचसी आंशिक ॲगोनिस्ट आहे, म्हणजे रिसेप्टरला अर्धवटच चालू करतो, त्यामुळे त्याच्या छोट्या परिणामावरून निष्कर्ष काढण्याआधी सीपी-५५,९४० हा जोरदार कृत्रिम ॲगोनिस्ट शेजारी ठेवा. सीबी-१ अडवायला वापरतात तो रिमोनाबँट हा इन्व्हर्स ॲगोनिस्ट, म्हणजे रिसेप्टरची मुळातली हालचालही खाली आणणारा. तो एकटा दिलेली प्लेटमधली विहीर (खळगा) नसेल, तर त्याने ॲगोनिस्टचा परिणाम अडवला की स्वतःच पातळी खाली आणली, हे सांगता येत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ सीएएमपीचा (पेशीतला निरोप्या रेणू). सीबी-१ हा जीआय/ओ या जी-प्रथिनामार्फत सीएएमपी बनवणारं ॲडेनिलिल सायक्लेज दाबतो, सीएएमपी घटतं आणि त्यावर चालणारा कायनेज पीकेए मंदावतो. पण मुळातलं सीएएमपी इतकं कमी असतं की घट मोजायला आधी फोर्स्कोलिनने (ॲडेनिलिल सायक्लेज चालू करणारं रसायन) पातळी वर न्यावी लागते. उलट सीएएमपी वाढलेलं दिसलं तर ते आकडे चुकीचे म्हणून फेकू नका. १९९७ साली ग्लास आणि फेल्डर यांनी स्ट्रायटम या मेंदूच्या भागातल्या चेतापेशींत सीबी-१ आणि डी२ (डोपामिनचा रिसेप्टर) एकदम उद्दीपित केल्यावर सीएएमपी वाढल्याचं दाखवलं. जीआय/ओ बंद पाडणाऱ्या पर्टुसिस टॉक्सिननंतरही रिसेप्टर सीएएमपी वाढवणाऱ्या जीएस प्रथिनाकडे वळू शकतो. कल्चरमध्ये डोपामिन किंवा डी२ ॲगोनिस्ट होता का, ते नोंदवहीत बघा.

आणि प्रत्येक परिणाम कायनेजच्या नावावर टाकू नका. काही सेकंदांत होणारं डीएसआय (चेतापेशी उद्दीपित झाल्यावर तिच्याकडे येणारे रोधक संकेत तात्पुरते दबणं) मुख्यतः जी-प्रथिनाच्या जीबीटा-गॅमा भागाने कॅल्शियम चॅनल दाबल्यामुळे होतं, कायनेज इनहिबिटर त्याला सहसा अडवत नाही. हिप्पोकॅम्पसमधली दीर्घकालीन आय-एलटीडी (रोधक संकेत बराच काळ कमकुवत होणं) मात्र पीकेए आणि रिम१-अल्फा या चेतासंधीतल्या प्रथिनावर अवलंबून आहे. तिथेही एकट्या एच-८९ या पीकेए इनहिबिटरवर विसंबू नका. तो इतर कायनेजही अडवतो, म्हणून पीकेएला नेमकं अडवणाऱ्या पीकेआय पेप्टाइडनेही तेच होतं का, ते तपासा.