त्रिकोणमितीय नित्यसमानता : सिद्धता कशी रचावी, राशी सोपी कशी करावी

कोनाच्या ज्या ज्या किमतींना दोन्ही बाजूंना अर्थ आहे, त्या प्रत्येक किमतीला खऱ्या ठरणाऱ्या समानतेस नित्यसमानता म्हणतात. साइन अ = १/२ हे समीकरण काही ठरावीक कोनांनाच लागू पडते आणि म्हणून ते सोडवायचे असते; साइन² अ + कॉस² अ = १ ही समानता प्रत्येक कोनाला लागू पडते आणि म्हणून ती सिद्ध करायची असते. हा भेद अगदी प्राथमिक आहे, तरी सिद्धतेतल्या बऱ्याच चुका तो विसरल्यामुळे होतात, कारण समीकरण सोडवताना दोन्ही बाजूंवर एकदम क्रिया करण्याची जी सवय लागलेली असते ती सिद्धतेत जशीच्या तशी चालत नाही. पुढील विवेचनात कोन अ या अक्षराने दाखवला असून साइन² अ याचा अर्थ (साइन अ)² असा घ्यावा; टॅन अ म्हणजे साइन अ/कॉस अ, तर कॉट अ, सेक अ आणि कोसेक अ म्हणजे अनुक्रमे १/टॅन अ, १/कॉस अ आणि १/साइन अ.

सूत्रांचा साठा फार मोठा लागत नाही. साइन² अ + कॉस² अ = १ या समानतेला कॉस² अ ने भागले की १ + टॅन² अ = सेक² अ मिळते आणि साइन² अ ने भागले की १ + कॉट² अ = कोसेक² अ मिळते; त्यामुळे एक सूत्र पक्के असले की उरलेली दोन विसरण्याचे कारण राहत नाही. मात्र ही सूत्रे केवळ पाठ असून भागत नाही, तर त्यांचे अवयव पाडलेले रूपही चटकन दिसले पाहिजे. १ − साइन² अ म्हणजे कॉस² अ हे सर्वांना दिसते, पण तेच (१ − साइन अ)(१ + साइन अ) आहे हे ज्याला दिसते त्याचे काम निम्म्याने हलके होते. त्याचप्रमाणे (सेक अ − टॅन अ)(सेक अ + टॅन अ) = १, म्हणजेच या दोन राशी एकमेकींच्या गुणाकार व्यस्त आहेत, ही गोष्ट स्वतंत्र सूत्रासारखी लक्षात ठेवण्याच्या योग्यतेची आहे.

आधी दोन्ही बाजूंतला फरक पाहावा

लेखणी उचलण्यापूर्वी डावी आणि उजवी बाजू शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यात नेमका कोणता फरक आहे ते पाहावे. एका बाजूला दोन अपूर्णांकांची बेरीज आणि दुसऱ्या बाजूला एकच पद असेल तर समच्छेद करावा लागणार हे उघड आहे. एका बाजूला २अ हा कोन आणि दुसऱ्या बाजूला अ असेल तर दुप्पट कोनाचे सूत्र लागणार. एका बाजूला चौथा किंवा सहावा घात असेल तर अवयव किंवा विस्तारसूत्रे लागणार. साधारणतः अधिक गुंतागुंतीची बाजू घेऊन ती साध्या बाजूपर्यंत आणावी. गुंतलेले सोडवण्याचे मार्ग मोजकेच असतात, तर साध्या पदातून गुंतागुंत निर्माण करण्याचे मार्ग असंख्य असतात आणि त्यांतला योग्य कोणता हे आधी कळत नाही.

“सर्व गुणोत्तरे साइन आणि कॉसमध्ये लिहा” हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, पण तो पहिला उपाय म्हणून न वापरता राखीव ठेवावा असे माझे मत आहे. ज्या राशीत केवळ सेक आणि टॅन आहेत ती त्याच जोडीत ठेवली तर दोन ओळींत सुटते, आणि साइन-कॉसमध्ये नेली तर अपूर्णांकांत अपूर्णांक येऊन पानभर लांबते. जिथे टॅन आणि कॉट, किंवा सेक आणि कोसेक अशी एकमेकांशी सरळ न जुळणारी गुणोत्तरे एकत्र आली आहेत, तिथे मात्र हा उपाय निःशंकपणे करावा. उदाहरणार्थ,

(कोसेक अ − साइन अ)(सेक अ − कॉस अ) = १/(टॅन अ + कॉट अ)

येथे डाव्या बाजूचा पहिला कंस (१ − साइन² अ)/साइन अ, म्हणजे कॉस² अ/साइन अ होतो आणि दुसरा साइन² अ/कॉस अ होतो. त्यांचा गुणाकार साइन अ · कॉस अ. उजव्या बाजूच्या छेदात साइन अ/कॉस अ + कॉस अ/साइन अ ही बेरीज आहे, समच्छेद केल्यावर तिचा अंश साइन² अ + कॉस² अ म्हणजे १ होतो, आणि म्हणून उजवी बाजूही साइन अ · कॉस अ इतकीच ठरते. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे सोडवून त्या एकाच राशीला येऊन मिळतात असे दाखवणे ही पूर्ण ग्राह्य सिद्धता आहे. अट एवढीच की दोन्हींची आकडेमोड वेगवेगळी लिहावी आणि शेवटच्या ओळीपूर्वी त्यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह घालू नये.

छेदात १ ± साइन अ असेल तेव्हा

छेदात १ − साइन अ, १ + कॉस अ, सेक अ − १ अशी द्विपदे दिसली की अंश आणि छेद या दोहोंना त्या द्विपदाच्या अनुबद्ध जोडीने, म्हणजे मधले चिन्ह बदललेल्या द्विपदाने, गुणावे. करणीच्या छेदाचे परिमेयीकरण करताना जे करतो तेच हे आहे, आणि हेतूही तोच, की छेदात दोन वर्गांची वजाबाकी यावी आणि ती एका पदात मिटावी.

कॉस अ/(१ − साइन अ) − टॅन अ = सेक अ

हे सिद्ध करताना पहिल्या पदाच्या अंशाला व छेदाला १ + साइन अ ने गुणले की छेद कॉस² अ होतो, वरच्या कॉस अ शी एक कॉस अ जातो आणि (१ + साइन अ)/कॉस अ उरते. हा अपूर्णांक फोडला की सेक अ + टॅन अ मिळते आणि टॅन अ वजा होऊन सेक अ शिल्लक राहते. समच्छेद करूनही हे उदाहरण सुटते, पण अंशात कॉस² अ − साइन अ + साइन² अ अशी तीन पदे येतात आणि त्यांतली पहिली व तिसरी एकत्र घ्यायची आहेत हे ओळखावे लागते.

१ ला कोणते रूप द्यावे

या विषयातली खरी चतुराई १ या अंकाच्या वापरात आहे. साइन² अ + कॉस² अ, सेक² अ − टॅन² अ आणि कोसेक² अ − कॉट² अ ही तिन्ही १ ची रूपे असल्यामुळे, राशीत १ दिसला की शेजारच्या पदांना कोणते रूप मानवेल याचा विचार करावा.

(टॅन अ + सेक अ − १)/(टॅन अ − सेक अ + १) = (१ + साइन अ)/कॉस अ

हे उदाहरण अनेकांना अवघड वाटते आणि साइन-कॉसच्या मार्गाने गेल्यास ते खरोखरच चिवट आहे. परंतु अंशातील १ च्या जागी सेक² अ − टॅन² अ लिहिले, म्हणजेच (सेक अ + टॅन अ)(सेक अ − टॅन अ) लिहिले, तर अंशातून सेक अ + टॅन अ हा सामाईक अवयव बाहेर काढता येतो आणि आत १ − सेक अ + टॅन अ उरते. हीच राशी छेदात आहे. ती काढून टाकल्यावर सेक अ + टॅन अ, अर्थात (१ + साइन अ)/कॉस अ मिळते. छेदातील १ मात्र तसाच ठेवला आहे, हे ध्यानात घ्यावे. दोन्हीकडचे १ एकदम बदलले असते तर हा मार्ग दिसलाच नसता.

दुप्पट कोनातही १ चेच राजकारण चालते. कॉस २अ ची कॉस² अ − साइन² अ, २कॉस² अ − १ आणि १ − २साइन² अ अशी तीन रूपे आहेत, आणि त्यांतून निवड करण्याचा निकष हा की शेजारचा १ नाहीसा झाला पाहिजे.

(१ − कॉस २अ + साइन २अ)/(१ + कॉस २अ + साइन २अ) = टॅन अ

अंशात १ − कॉस २अ आहे, म्हणून तिथे तिसरे रूप घेऊन २साइन² अ मिळवावे. छेदात १ + कॉस २अ आहे, म्हणून तिथे दुसरे रूप घेऊन २कॉस² अ मिळवावे. साइन २अ च्या जागी २ साइन अ · कॉस अ लिहिल्यावर अंश २साइन अ (साइन अ + कॉस अ) आणि छेद २कॉस अ (कॉस अ + साइन अ) होतो. उरलेले काम एका ओळीचे आहे.

उच्च घातांसाठी बीजगणितातली विस्तारसूत्रे पुरेशी असतात. साइन⁶ अ + कॉस⁶ अ म्हणजे साइन² अ आणि कॉस² अ यांच्या घनांची बेरीज; प³ + फ³ = (प + फ)³ − ३पफ(प + फ) या सूत्रात प + फ च्या जागी १ ठेवताच १ − ३साइन² अ · कॉस² अ मिळते.

कोनांची मालिका असेल तर टोकांची पदे जोडीने घ्यावीत. (साइन अ + साइन ३अ + साइन ५अ)/(कॉस अ + कॉस ३अ + कॉस ५अ) या राशीत साइन अ + साइन ५अ = २साइन ३अ · कॉस २अ आणि कॉस अ + कॉस ५अ = २कॉस ३अ · कॉस २अ असल्यामुळे अंशात साइन ३अ, छेदात कॉस ३अ आणि दोन्हीकडे २कॉस २अ + १ हा समान अवयव येतो, आणि राशी टॅन ३अ इतकी होते. मधले पद कोणत्या कोनाचे आहे ते पाहून उत्तराचा अंदाज आधीच बांधता येतो.

सोपे रूप म्हणजे काय

सिद्धतेत गाठायचे ठिकाण दिलेले असते. “सोपे रूप द्या” या प्रश्नात ते आपणच ठरवायचे असते. गुणोत्तरांचे प्रकार कमी व्हावेत, अपूर्णांक जावेत, वेगवेगळे कोन एका कोनावर यावेत, ही सामान्य दिशा झाली. पण सोपेपणा पुढच्या वापरावर अवलंबून असतो. साइन² अ हे लिहायला आटोपशीर आहे, तरी त्याचे संकलन (इंटिग्रेशन) करायचे असेल तर (१ − कॉस २अ)/२ हे लांब रूपच सोयीचे ठरते. मर्यादा (लिमिट) काढायची असेल किंवा समीकरण सोडवायचे असेल तर बेरजेपेक्षा अवयव पाडलेले रूप हाती असणे अधिक उपयोगी असते. म्हणून शक्य असेल तेव्हा उत्तराचे पुढे काय करायचे आहे ते आधी विचारावे.

पडताळणी, आणि अग्राह्य पायऱ्या

दिलेली समानता मुळात खरी आहे का याचा संशय आल्यास एखादी किंमत घालून पाहावी, परंतु किंमत निवडताना ०°, ४५° आणि ९०° टाळावेत. ४५° ला साइन आणि कॉस समान असतात, त्यामुळे तिथे खोटी समानताही खरी भासते. साइन⁴ अ + कॉस⁴ अ = साइन अ · कॉस अ ही ४५° ला तंतोतंत जुळते, दोन्ही बाजू १/२ येतात; ३०° ला मात्र डावी बाजू ५/८ म्हणजे ०.६२५ आणि उजवी √३/४ म्हणजे सुमारे ०.४३३ येते. न जुळणारी एक किंमत समानता खोटी ठरवण्यास पुरेशी आहे, तर जुळणाऱ्या कितीही किमतींनी ती अशी सिद्ध झाली असे म्हणता येत नाही.

साध्यच गृहीत धरून, दोन्ही बाजूंचा वर्ग करून, शेवटी १ = १ असे लिहिणे ही सिद्धता नव्हे. साइन अ = √(१ − कॉस² अ) या विधानाच्या दोन्ही बाजूंचा वर्ग केला की निर्विवाद खरे सूत्र मिळते, आणि तरीही २७०° ला डावी बाजू −१ व उजवी बाजू १ आहे, म्हणजे मूळ विधान नित्यसमानता नाही. तिरकस गुणाकार करून पुढे जायचे असल्यास छेद शून्य नाहीत हे नमूद करावे आणि प्रत्येक पायरी उलट दिशेने नेता येते याची खात्री करून घ्यावी.

वर्गमुळाच्या बाबतीत ही दक्षता अधिकच लागते. √((१ − साइन अ)/(१ + साइन अ)) = सेक अ − टॅन अ हे उदाहरण लघुकोनांपुरते बिनधोक आहे. आत अनुबद्ध जोडीने गुणल्यावर (१ − साइन अ)²/कॉस² अ मिळते, पण त्याचे वर्गमूळ काढताना छेदात कॉस अ चे केवलमूल्य, म्हणजे चिन्ह वगळून उरणारी धन किंमत, येते. कॉस अ धन असेल तेव्हाच उत्तर सेक अ − टॅन अ असते. कॉस अ ऋण असेल तर चिन्ह उलटते. १८०° घालून पाहिल्यास डावी बाजू १ आणि उजवी −१ येते. कोनाची मर्यादा प्रश्नात दिलेली नसेल तर ती आपण उत्तरात लिहावी.

अवयव काढून टाकतानाही हेच पथ्य पाळावे. (साइन अ − २साइन³ अ)/(२कॉस³ अ − कॉस अ) या राशीत अंशातून साइन अ आणि छेदातून कॉस अ बाहेर काढल्यावर १ − २साइन² अ आणि २कॉस² अ − १ उरतात, ही दोन्ही कॉस २अ चीच रूपे असल्यामुळे ती परस्परांना छेदतात आणि टॅन अ मिळतो. परंतु ४५° ला कॉस २अ शून्य असल्यामुळे मूळ राशीला अर्थच नाही, टॅन ४५° ची किंमत मात्र १ आहे. म्हणून उत्तरात टॅन अ च्या पुढे कॉस अ ≠ ० आणि कॉस २अ ≠ ० या अटी लिहाव्यात.